जुना ईपीएबीएक्स काढून आयपी फोन बसवायचेत? आधी फोनांची यादी करा, मग वेंडरला बोलवा

आमची कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. आमची म्हणजे मालकांची, मी तिथं इलेक्ट्रिकल बघतो, आणि कॉम्प्युटर, कॅमेरे, पंचिंग मशीन असं जे जे वायरीला लटकतं ते सगळं आपोआप माझ्याच गळ्यात पडतं. मागच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, कुठंतरी जवळच वीज पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेटर काकू दारातच उभ्या, "ओ साहेब, निम्म्या फोनला टोनच न्हाई की." ईपीएबीएक्सची, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनींना जोडणाऱ्या डब्याची, दोन एक्स्टेंशन कार्डं उडाली होती. एएमसीवाल्याला (वर्षाच्या मेंटेनन्सवाल्याला) फोन केला तर म्हणाला हे मॉडेल आता बनत नाही, सेकंडहँड कार्ड मिळालं तर बघतो, गॅरंटी नाही. तिथंच ठरलं की आता आयपीवर जायचं, म्हणजे फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर घ्यायचे. त्या कामात काय शिकलो, कुठं आपटलो ते लिहून ठेवतोय, कारण सुरू करायच्या आधी मला हे मराठीत कुणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

आधी थोडक्यात फरक सांगतो. जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक फोनाला तांब्याची एक स्वतंत्र जोडी असते, ती जोडी मेन डब्यात येते, तिथून ईपीएबीएक्सच्या कार्डावर एका पोर्टला जाते, आणि फोनाला लागणारा करंटसुद्धा त्याच जोडीतून मिळतो. म्हणून साध्या फोनाला ॲडॅप्टर लागत नाही. (घंटी वाजत असताना ती वायर उघड्या हातात धरून बघू नका, चांगला झटका बसतो, अनुभव आहे.) आयपीमध्ये फोन हा कॉम्प्युटरसारखा नेटवर्कवरचा एक डबा होतो, आवाजाचे तुकडे करून डेटासारखे पाठवतो, आणि एक्सचेंजचं काम एखादा छोटा सर्व्हर करतो. जोडी, कार्ड, पोर्ट हा प्रकार संपतो, फोन उचलून दुसऱ्या टेबलावर नेला तरी त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. ऐकायला सोपं आहे. आणि मशीन बदलणं खरंच सोपं आहे, एका सुट्टीच्या दिवसाचं काम. महिनाभर जातो तो त्या मशीनच्या मागं काय काय लटकलंय हे शोधण्यात.

म्हणून पहिलं काम, वेंडरला बोलवायच्या आधी स्वतः यादी करा. वेंडर आला की पहिला प्रश्न विचारतो "किती एक्स्टेंशन?" आणि तुम्ही ईपीएबीएक्सवरचा आकडा सांगता, आणि तो तेवढ्या आयपी फोनांचं कोटेशन देऊन मोकळा होतो. आमच्याकडं ३८ एक्स्टेंशन होती. मी मेन डबा उघडला, आत क्रोनच्या पट्ट्या (वायरी जोडायच्या), त्यावर वीस वर्षांत ज्यानं त्यानं ओढलेल्या जंपर वायरींचा गुंता, तळाला वाळलेली पाल, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं लिहिलेला चार्ट, निम्मी अक्षरं उडालेली. त्यात "२१४ - जुने स्टोअर" असं लिहिलेलं, आता तिथं टॉयलेट आहे. तेव्हा चार्टवर विश्वास ठेवू नका. टोनर घ्या, म्हणजे जोडीच्या एका टोकाला टोन सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला प्रोबनं ऐकायचा तो प्रकार, एक पोरगा बरोबर घ्या आणि प्रत्येक फोनापर्यंत चालत जा. वहीत प्रत्येक फोनासमोर चार गोष्टी लिहा: नंबर, कुठं आहे, कोण वापरतं, आणि कशासाठी वापरतं. ही चौथी गोष्ट कुणीच लिहीत नाही आणि पुढं सगळं तिच्यावरच अडतं.

कशासाठी म्हणजे काय ते सांगतो. आमच्या लॅबमधून फर्नेसला एक फोन जातो. वितळलेल्या धातूचं सॅम्पल लॅबमध्ये येतं, स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर) टाकतात, कार्बन-सिलिकॉनचे आकडे आले की लॅबवाला फर्नेसला फोन करून सांगतो, एवढं मारा, तेवढं घाला. तोपर्यंत फर्नेसवर सगळे थांबलेले असतात आणि वीज जळत असते. कारखान्यातला सगळ्यात महत्त्वाचा फोन मालकांच्या टेबलावरचा नाही, हा आहे. आणि तो जिथं आहे तिथं धूळ, उष्णता, हातात ग्लोव्ह्ज, आणि एवढा आवाज की फोनची घंटी ऐकूच येत नाही म्हणून भिंतीवर मोठी बेल समांतर जोडलेली. आता तिथं रंगीत स्क्रीनवाला आयपी फोन लावला तर किती दिवस टिकेल? मी तिथं जुनाच जाड प्लास्टिकचा फोन ठेवला, बेलसकट.

हे जमतं कसं, तर एफएक्सएस गेटवे नावाचा डबा मिळतो, ८, १६, २४ पोर्टचा. त्याच्या एका बाजूला नेटवर्कची केबल, दुसऱ्या बाजूला तुमच्या जुन्या जोड्या. जुन्या फोनाला वाटतं मी अजून ईपीएबीएक्सलाच जोडलेला आहे, सर्व्हरला वाटतं हा आयपी फोन आहे. फक्त बेलसारखी जास्तीची गोष्ट समांतर लटकलेली असेल तर विकत घ्यायच्या आधी एक पोर्ट लावून घंटी वाजवून बघा, काही गेटवेंची घंटी वाजवायची ताकद कमी पडते. आमच्या ३८ पैकी शेवटी २२ ठिकाणी आयपी फोन आले, ११ फोन गेटवेवर जुनेच राहिले आणि ५ काढून टाकले कारण ते कुणीच वापरत नव्हतं. कोटेशन ३८ फोनांचं होतं बरं का. साधा आयपी फोन तीन-पाच हजारांच्या आसपास येतो, हिशोब तुम्हीच करा.

यादीत फोन नसलेल्या गोष्टी पण धरा. लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, फायर अलार्मचा पॅनेल, फॅक्स, जुनं कार्ड स्वाइप मशीन, गेटवरचा दाराचा इंटरकॉम, हे सगळं गुपचूप एखाद्या एक्स्टेंशनवर बसलेलं असतं. फॅक्स अजून असेल तर तो आयपीवर नीट चालत नाही, आयपीवरून फॅक्स पाठवायची टी.३८ नावाची सोय असते पण दोन्हीकडं जमली तर जमली, त्यापेक्षा फॅक्सला एक थेट लाईन सोडून द्या.

आता बाहेरच्या लाईनी. इथं लोक सगळ्यात जास्त घाबरतात, की आमचा नंबर जाईल का? पंचवीस वर्षं बिलावर, बोर्डावर, गाडीच्या मागं छापलेला ०२३० चा नंबर, तो गेला तर धंदाच गेला. तर आधी हे समजून घ्या की आपल्याकडं पोर्टेबिलिटी मोबाईलला आहे, लँडलाईनला नाही, त्यामुळं लँडलाईनचा नंबर घेऊन दुसऱ्या ऑपरेटरकडं (फोन कंपनीकडं) जाता येत नाही. कुणी सेल्समन "सर, नंबर आम्ही पोर्ट करून देतो" म्हणाला तर लेखी मागा, गप्प बसेल. पण त्याच ऑपरेटरकडं तांब्याच्या लाईनवरून फायबरवर जाताना तोच नंबर ठेवता येतो का हे जरूर विचारा, बऱ्याचदा येतो. फायबरचा जो डबा लावतात त्याला मागं फोनचं एक पोर्ट असतं, त्यातून तोच जुना नंबर येतो. तो वाचवायचा असेल तर एफएक्सओ गेटवे घ्या, म्हणजे बाहेरून आलेली लाईन नेटवर्कवर आणणारा डबा. एफएक्सएस आणि एफएक्सओ ह्यात गल्लत करू नका, एक फोनाला लाईन देतो, दुसरा लाईन घेतो. मी ऑर्डर देताना उलटं सांगितलं होतं, आठ दिवस फुकट गेले.

नवीन लाईनी हव्या असतील तर सिप ट्रंक घ्या. पूर्वी मोठ्या ऑफिसात पीआरआय नावाची डिजिटल लाईन असायची, एका केबलीत ३० कॉल एकावेळी, पण तिच्यासाठी वेगळं कार्ड लागायचं. सिप ही आयपी फोनांची कॉल जोडायची भाषा, आणि सिप ट्रंक म्हणजे तेच काम नेटवर्कवरून, आणि चॅनेल (एका चॅनेलवर एकावेळी एक कॉल) पाहिजे तेवढेच घ्यायचे. किती चॅनेल पाहिजेत हे माणसं मोजून ठरवू नका, एकाच वेळी बाहेर किती जण बोलतात ते बघा. ईपीएबीएक्समधून कॉलचं रेकॉर्ड निघतं, त्याला एसएमडीआर म्हणतात, एका आठवड्याचं काढा. आमच्याकडं महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या दिवशीसुद्धा एकावेळी सहाच्या वर कॉल गेले नाहीत आणि वेंडर तीसचा प्लॅन गळ्यात मारत होता. आणि ट्रंक लायसन्स असलेल्या ऑपरेटरकडूनच घ्या. "आयएसडी अगदी स्वस्तात, आमच्या डब्यात चार सिम घाला आणि विसरा" असं सांगणारे भेटतात, परदेशातले कॉल इंटरनेटवरून आणून असल्या सिमबॉक्समधून लोकल करून सोडणं हा गुन्हा आहे, पोलीस सिम ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात.

सर्व्हर कुठला हा प्रश्न मी मुद्दाम एवढ्या खाली आणला, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. दोन रस्ते आहेत, क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरचा दुसऱ्याचा सर्व्हर, किंवा आपल्याच रॅकमधला डबा. पुण्यात सहा माणसांचं सीएचं ऑफिस असेल, सगळे घरून पण काम करत असतील, तर सरळ क्लाउड घ्या, डबाच नको. पण एमआयडीसीत? आमच्या रस्त्यावर वर्षातून तीनदा जेसीबी चालतो आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी फायबर तुटते. क्लाउडवर असलो असतो तर इंटरनेट गेलं की लॅबमधून फर्नेसला, पन्नास मीटरवर, फोन लागला नसता. डबा आतच असला की बाहेरचं जग तुटलं तरी इंटरकॉम चालू. म्हणून आम्ही ॲस्टेरिस्क नावाच्या एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरवर चालणारं फ्रीपीबीएक्स एका छोट्या कॉम्प्युटरवर टाकलं. हे ॲस्टेरिस्क मार्क स्पेन्सर नावाच्या पोरानं १९९९ मध्ये लिहिलं, स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्सचेंज विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून, आणि मग फुकट वाटलं. तुमच्यात लिनक्सला हात लावणारं कुणी नसेल तर मात्र हे करू नका, ग्रँडस्ट्रीम, मॅट्रिक्स, येस्टार असल्यांचे तयार डबे मिळतात, स्क्रीनवर टिक करत जायचं. मॅट्रिक्स तर आपल्या शेजारच्या वडोदऱ्याचीच कंपनी. आणि जुना ईपीएबीएक्स अजून धडधाकट असेल तर त्यालाच व्हीओआयपी कार्ड (आयपीवरून कॉल नेणारं) बसतं का बघा, तेवढ्यावर पण भागतं कधी कधी.

नेटवर्कचं बोलूया. जुन्या टेलिफोनच्या वायरीवर आयपी फोन चालेल का असं मालकांनी विचारलंच, नाही चालत, नेटवर्कची केबल ओढावी लागते, आम्ही कॅट ६ ओढली. पण प्रत्येक टेबलाला नवीन ओढायची गरज नाही, आयपी फोनाला मागं दोन पोर्ट असतात, भिंतीतली केबल फोनात, फोनातून कॉम्प्युटरला. इथं एक गोम आहे, स्वस्त फोनांचं ते दुसरं पोर्ट १०० एमबीचंच असतं, म्हणजे कॉम्प्युटरचा स्पीड पण तिथं अडकतो. टॅली चालवणाऱ्याला फरक पडत नाही, डिझाईनवाल्याला पडतो, पॅटर्नच्या मोठ्या फाईली सर्व्हरवरून उघडतो तो. त्याच्याकडं गिगाबिटवाला फोन द्या नाहीतर वेगळी केबल. केबलची लांबी १०० मीटरच्या आत. शेड लांब असेल तर मध्ये फायबर टाका, आणि दोन बिल्डिंगींच्या मध्ये तर शंभर मीटरच्या आत असलं तरी फायबरच टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हवेतून ओढलेलं तांबं म्हणजे विजेला आमंत्रण, आमची दोन कार्डं त्याच्यामुळंच गेली. फायबरमधून वीज येत नाही. आणि जी जुनी जोडी बाहेरून आत येतेच आहे तिला सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग.

स्विच पीओईवाला घ्या, म्हणजे फोनाला केबलीतूनच पॉवर मिळते आणि प्रत्येक टेबलाखाली ॲडॅप्टर लोंबकळत नाही. साधा फोन तीन ते पाच वॅट खातो, म्हणजे वीस-बावीस फोन म्हणजे शंभर वॅटच्या आसपास, त्यात स्विच, सर्व्हर, राउटर, गेटवे, फायबरचा डबा धरा आणि हे सगळं एका यूपीएसवर घ्या. हे विसरू नका, कारण जुन्या सिस्टीमला आतमध्ये बॅटरी होती, लाईट गेली तरी फोन चालायचे आणि लोकांना ते गृहीतच आहे. आमच्या पहिल्या आठवड्यात लाईट गेली, सर्व्हर यूपीएसवर होता, फोनांचा स्विच यूपीएसवर होता, पण फायबरचा तो पांढरा डबा रिसेप्शनच्या साध्या प्लगवर होता. आतले फोन चालू, बाहेरचे सगळे बंद, आणि अर्धा तास मी सर्व्हरमध्ये डोकं घालून बसलो होतो.

बँडविड्थची भीती नको. चांगल्या आवाजाच्या जी.७११ कोडेकला (आवाजाचा डेटा करायची एक पद्धत) एका कॉलला दोन्ही बाजूंना साधारण ९० केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉल एकदम चालले तरी १ एमबीपीएसच्या आत. स्पीडपेक्षा लाईन किती एकसारखी आहे हे महत्त्वाचं. आवाज पोचायला दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. म्हणून फोनांना वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमध्ये पाडलेला स्वतंत्र भाग) द्या आणि राउटरवर फोनांच्या ट्रॅफिकला पहिला नंबर द्या, नाहीतर अकाउंट्समधलं कुणी बॅकअप अपलोडला टाकेल आणि इकडं मालकांचा आवाज रोबोटसारखा येईल. मालकांचाच येतो, का कुणास ठाऊक.

आता दोन आजार सांगतो जे हमखास होतात.

पहिला, एका बाजूचाच आवाज. फोन लागतो, समोरचा ऐकतो, आपल्याला काहीच ऐकू येत नाही, किंवा उलटं. आमच्या परचेसवाल्यानं एका सप्लायरशी पाच मिनिटं एकट्यानं भांडण केलं, समोरचा बिचारा पण तिकडं बोलतच होता, ह्याला वाटलं तो मुद्दाम गप्प बसलाय. कारण बहुतेक वेळा राउटर असतो. त्यात सिप एएलजी नावाचं सेटिंग असतं, मदत करायला म्हणून घातलेलं, ते पॅकेटमधले पत्ते स्वतःच्या मनानं बदलतं. ते बंद करा. मग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आपला बाहेरचा आयपी पत्ता आणि आतली नेटवर्क रेंज बरोबर लिहिली आहे का बघा. शंभरातल्या नव्वद केसेस इथंच मिटतात.

दुसरा आजार एफएक्सओ गेटवेचा. बाहेरचा माणूस फोन ठेवतो पण आपल्या गेटवेला ते कळतच नाही, लाईन अडकून राहते, दुपारपर्यंत चारही लाईनी बिझी. हे डबे बऱ्याचदा अमेरिकन सेटिंगवर येतात. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा असतो, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद, ते गेटवेला सांगावं लागतं. देश म्हणून भारत निवडायची सोय असेल तर निवडा, नसेल तर हाच आकडा हातानं भरा. कॉल करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडीची पद्धत एफएसकेवरून डीटीएमएफवर (बटणं दाबल्यावर येतात त्या टोनवर) करून बघा, आपल्याकडच्या कित्येक लाईनी तसाच पाठवतात. वेंडरच्या पोराला हे माहीत नव्हतं, तो दोनदा डबा बदलून गेला.

सिक्युरिटीवर थोडं, पण नीट वाचा. इंटरनेटला उघडा असलेला सिप सर्व्हर शोधत रात्रंदिवस रोबोट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) फिरत असतात, एक्स्टेंशन २०१ ला पासवर्ड २०१ ठेवला असेल तर आत शिरतात आणि शनिवारी रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत कुठल्यातरी लांबच्या देशात कॉल लावत बसतात. बिल तुमच्या नावावर. तेव्हा राउटरवर सिपचा ५०६० पोर्ट बाहेरून उघडू नका, बाहेरून फोन वापरायचा असेल त्याला व्हीपीएन (इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित रस्ता) द्या, पासवर्ड सॉफ्टवेअरलाच बनवू द्या, आणि आयएसडी सगळ्यांनाच बंद ठेवा, ऑपरेटरकडून पण ट्रंकवरच बंद करून घ्या. आमच्याकडं एक्स्पोर्टच्या एकाच माणसाला चालू आहे, तेही पिन घातल्यावर. फोनांचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड पण बदला, तो प्रत्येकाला पाठ असतो.

मशीनचं झालं, आता माणसांचं. एक्स्टेंशनचे नंबर बदलू नका. वेंडर म्हणेल आता चार आकडी घेऊ, डिपार्टमेंटप्रमाणे छान लावू. ऐकू नका. आमच्या ऑपरेटर काकूंना ३८ नंबर तोंडपाठ आहेत, कोण कितीला जेवायला जातो ते पण पाठ आहे, ती डिरेक्टरी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. बाहेरचा फोन लावायला शून्य दाबायची सवय असेल तर शून्यच ठेवा, नऊ असेल तर नऊ. लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावा लागतो, १५ जानेवारी २०२१ पासून तसं आहे, पण लोक मोबाईलच्या सवयीनं दहाच आकडे दाबतात, तेव्हा सर्व्हरमध्येच नियम टाका की दहा आकडी मोबाईल नंबर आला की त्याच्या आधी शून्य आपोआप लागावा. आणि ११२, १०१, १०८ हे नंबर बाहेरचा आकडा न दाबता थेट लागले पाहिजेत. ११२ ला एकदा टेस्ट कॉल करून, टेस्ट आहे असं सांगून, ठेवून द्या.

"फोन लागायला वेळ लागतो" ही तक्रार येणारच. जुन्या सिस्टीमला तीन आकडे दाबले की लगेच रिंग जायची, गेटवे मात्र वाट बघत बसतो की अजून आकडे येतात का, चार-पाच सेकंद. लॅबवाल्याला चार सेकंद म्हणजे फार झाले, तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलावर येऊन उभा राहिला. गेटवेत डिजिट मॅप असतो, तिथं लिहा की दोनपासून सुरू होणारे तीन आकडे आले की लगेच पाठव. दोन मिनिटांचं काम.

कॉल ट्रान्सफर शिकवायला एक तास काढा. जुन्या फोनवर फ्लॅश दाबून, नंबर दाबून, खाली ठेवायचं, एवढंच सगळ्यांना येतं. नव्या फोनवर दोन प्रकार असतात, सरळ फेकून देणे आणि विचारून जोडणे. ऑपरेटरला विचारून जोडणंच लागतं, "मालक, अमुक साहेबांचा फोन आहे, देऊ का?" हे त्याशिवाय कसं होणार. मी मराठीत चार ओळींचा स्टिकर छापून प्रत्येक फोनला चिकटवला, वेंडरनं दिलेलं साठ पानी मॅन्युअल कुणी उघडलं नाही. काकूंना मात्र बटणांचा जादा पॅनेल असलेला फोन घेऊन दिला, कोण बोलतंय त्याचा लाल दिवा दिसतो, मोकळ्याचा हिरवा. पहिले दोन दिवस त्या रागावल्या होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "डिस्पॅचवाला दुसऱ्या फोनवर बोलतोय म्हणून सांगतो, पण दिवा तर हिरवाय." तेव्हापासून त्यांना ती सिस्टीम फार आवडते.

आयव्हीआर, म्हणजे 'अमक्यासाठी १ दाबा' सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज, लावायचा असेल तर छोटा लावा. "नमस्कार, डिस्पॅचसाठी १, अकाउंट्ससाठी २, नाहीतर थांबा" एवढं पुरे. आवाज आपल्याच माणसाचा घ्या, शांत खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ८ किलोहर्ट्झ मोनो वेव्ह फाईल करून टाका. लोक १ दाबतात आणि काहीच होत नाही असं झालं तर ट्रंकच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ मोड बघा, ट्रंक देणाऱ्या ऑपरेटरशी जुळत नसतो. कॉल रेकॉर्ड करणार असाल तर तसं सुरुवातीलाच सांगा, आणि डिस्कचा हिशोब धरा, साध्या वेव्ह फाईलला मिनिटाला साधारण १ एमबी जातो.

बदलायचा दिवस. सोमवार नको, महिनाअखेर नको, ऑडिटच्या आठवड्यात तर नकोच. आमची सुट्टी सोमवारी असते, कोल्हापूर भागातल्या एमआयडीसीवाल्यांना माहीत आहे, म्हणून आमच्यासाठी सोमवारच बरा पडला, तुमची जी आठवडी सुट्टी असेल ती धरा. त्याआधी दोन आठवडे दोन्ही सिस्टीम शेजारी चालवा: ईपीएबीएक्सचं एक एक्स्टेंशन एफएक्सओच्या पोर्टला आणि एफएक्सएसचं एक पोर्ट ईपीएबीएक्सच्या ट्रंकला (बाहेरची लाईन लागते त्या पोर्टला) जोडलं की जुन्यावरचा माणूस नव्यावरच्याला फोन लावू शकतो. मग एकेक डिपार्टमेंट हलवा. आधी अकाउंट्स, कारण ते बसलेले असतात आणि तक्रार नीट शब्दांत सांगतात. मग स्टोअर, परचेस, मशीन शॉप. लॅब आणि फर्नेस सगळ्यात शेवटी, आणि ते हलवताना मी स्वतः फर्नेसवर उभा होतो, हातात मोबाईल घेऊन, न जाणो.

सगळं हलल्यावर सर्व्हरचा बॅकअप घ्या आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका, पेनड्राईव्हवर घेऊन कपाटात टाका. पासवर्डांची यादी कागदावर, सीलबंद, मालकांच्या तिजोरीत. वेंडरकडंच सगळे पासवर्ड असणं म्हणजे घराची किल्ली गवंड्याकडं.

आणि जुना ईपीएबीएक्स लगेच काढून भंगारात देऊ नका, महिनाभर चालू ठेवा. आम्ही अकराव्या दिवशी बंद केला, रुबाबात. संध्याकाळी मागच्या गेटचा वॉचमन सायकल मारत पुढं आला, "साहेब, आमचा फोन बंदय." मी म्हणालो मागच्या गेटला फोनच नाही. वहीत नव्हता, चार्टमध्ये नव्हता, काकूंना पण माहीत नव्हता. जाऊन बघितलं तर खरंच, वजनकाट्याच्या जोडीला समांतर मारलेला एक फोन, कुणी कधी मारला देव जाणे. वजनकाटा आयपीवर गेला आणि ह्याची लाईन गेली. रात्री वाळूचा ट्रक आला की तो त्यावरून काट्यावरच्या माणसाला उठवायचा. एफएक्सएस गेटवेचं एक पोर्ट शिल्लक होतं, त्यावर घेतला, २१४ नंबर दिला, तो मोकळाच होता.